औषधाचा तक्ता उधारीच्या वहीइतका तरी स्वच्छ हवा

इतवारीतला किराणा असो, गांधीबागेतले कापड असो की मोमीनपुऱ्यातले एखादे लहानसे वर्कशॉप, पाच रुपयांची उधारी सुद्धा आपण तोंडी ठेवत नाही. तारीख, नाव, माल, रक्कम, सगळे वहीत चढते. शिंपी गिऱ्हाइकाचे माप डोक्यात ठेवून कैची चालवत नाही. छाती ३८, कंबर ३४ असे लिहून तो त्यावर कापडाचा तुकडा टाचतो. मुनीम चुकला तर त्याला आपण बोल लावतो. वहीत खाडाखोड दिसली तर मनात शंका येते.

आता त्याच घरात आत जाऊन पाहावे. म्हाताऱ्या वडिलांना दिवसाला सात-आठ गोळ्या लागतात. साखर, रक्तदाब, हृदय, गुडघे, शिवाय झोपेची एक. या गोळ्यांचा हिशोब कोठे आहे? थोडा सुनेच्या डोक्यात, थोडा ब्युरोकडून आलेल्या बाईच्या आठवणीत आणि बाकीचा चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्यांत. त्यांपैकी दोन चिठ्ठ्या केव्हाच्या जुन्या झालेल्या, पण फाडून टाकलेल्या नाहीत. कापड चुकले तर भरून देता येते, उधारी बुडाली तर पुढच्या सीझनला भागते. चुकीची गोळी पोटात गेली तर तिची भरपाई कोणत्या वहीत लिहायची?

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. वृद्धांची देखभाल हा आता धंदा झालेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटींच्या वर होती. मुले पुण्या-मुंबईला, काही आखातात. घरी अब्बा आणि अम्मी. मग कोणी दिवसरात्रीसाठी माणूस ठेवतो, कोणी वृद्धाश्रमाचा किंवा देखभाल केंद्राचा आसरा घेतो. त्यात नागपूर हे साऱ्या विदर्भाचे दवाखान्याचे गाव. मेयो आणि मेडिकल येथे विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून रोगी येतात. त्यांच्या भोवती औषधांची दुकाने, ठोक दवा बाजार, अटेंडंट पुरविणारे ब्युरो यांचा पसारा उभा आहे. यात आपली मुले आहेत, मुली आहेत, दुकानदारही आहेत. या धंद्याची वही म्हणजे औषध देण्याचा तक्ता. ज्याची वही कच्ची, त्याचा धंदा कच्चा, हे आपणांस कोणी सांगावयास नको.

कायदा काय सांगतो

डॉक्टरांचे अक्षर हा थट्टेचा विषय असला तरी कायद्याने तो थट्टेवर सोडलेला नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यातील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठी लेखी असली पाहिजे, तीवर डॉक्टरांची सही व तारीख हवी, रोग्याचे नाव व पत्ता हवा आणि औषध किती द्यावयाचे व मात्रा काय हेही हवे. याच नियमाप्रमाणे अनुसूची 'एच' मधील औषधाच्या जागी दुकानदाराने आपल्या मनाने दुसरे औषध देणे वर्ज्य आहे. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावे, असे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येणारी चिठ्ठी हा रोग्याच्या जीविताच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे, असा निर्णय दिला.

आपल्या दुकानदारांनी आणखी एक निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कॅडिला नावाच्या दोन कंपन्यांत फॅल्सिगो आणि फॅल्सिटॅब या मलेरियावरील औषधांच्या नावांवरून वाद झाला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतर मालाच्या नावात थोडे साम्य असले तर एक वेळ चालेल, औषधांना अधिक कडक कसोटी लावावी लागेल. कारण येथे गोंधळ झाला तर गिऱ्हाइकाचे पैसे नव्हे, प्राण जातात. ज्या देशात इंग्रजी न कळणारे लोक एवढे आहेत, तेथे हा धोका जास्तच, हेही न्यायालयाने विचारात घेतले.

आणि जबाबदारी कोणाची? १९९५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका हृदयरोग्यास डॉक्टरांनी 'आयसॉर्डिल' लिहून दिले. अक्षर असे की दुकानात ते 'प्लेंडिल' वाचले गेले. २० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. प्लेंडिलची दिवसाची कमाल मात्रा १०, आणि चिठ्ठीप्रमाणे होत होते ८०. रोगी दगावला. १९९९ मध्ये तेथील ज्यूरीने साडेचार लाख डॉलरची भरपाई ठरविली आणि तिचा भार लिहिणारा व वाचणारा अशा दोघांवर टाकला. आपल्याकडेही १९९५ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आलेली आहे. 'मला जसे वाचता आले तसे मी दिले' हे उत्तर दुकानदाराला तारील, अशा भ्रमात कोणी राहू नये.

चूक नेमकी कोठे होते

दोष एकट्या डॉक्टरांवर टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी खरे नाही. चिठ्ठीपासून रोग्याच्या तोंडापर्यंत औषध चार हातांतून जाते. डॉक्टर लिहितात, दुकानदार वाचतो, घरचे माणूस समजून घेते आणि शेवटी देणारा देतो. प्रत्येक हातात माल बदलण्याचा संभव आहे. काही जागा तर इतक्या ठरावीक आहेत की त्या पाठ कराव्यात.

पहिली जागा दशांशाची. '१.०' असे लिहिले आणि टिंब पुसट उमटले की १० होते. '.५' लिहिले आणि टिंब दिसले नाही की पाच होते. म्हणून पूर्ण आकड्यामागे टिंब-शून्य लावू नये आणि अर्ध्याच्या आधी शून्य लिहावे, किंवा सरळ 'अर्धी गोळी' असे अक्षरात लिहावे.

दुसरी जागा इन्सुलिनची. युनिटसाठी इंग्रजी 'यू' हे एक अक्षर घाईत शून्यासारखे उमटते आणि १० चे १०० होतात. 'युनिट' हा पूर्ण शब्द लिहिला पाहिजे. त्यातच आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचे मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे आणि १०० युनिटचे. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची नारिंगी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. तक्त्यावर इन्सुलिनचे नाव, युनिट, बाटलीची ताकद आणि सिरिंजचा रंग या चारही गोष्टी हव्यात.

तिसरी जागा वजनाची. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, इतर बहुतेक गोळ्या मिलिग्रॅममध्ये. दोहोंत हजारपट अंतर. तोळा आणि मासा यांतला फरक सराफाला कळतो, तसा हा फरक औषध देणाऱ्याला कळला पाहिजे.

चौथी जागा नावापुढच्या शेपटाची. रक्तदाबाचे टेल्मिसार्टन ४० वेगळे, त्यापुढे 'एच' असले तर वेगळे, 'एएम' असले तर आणखी वेगळे, कारण आत दुसरे औषध मिसळलेले असते. 'एसआर', 'ईआर' ही शेपटे असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेली असते. ती डॉक्टरांना विचारल्याविना कुटून देणे म्हणजे दिवसभराचे औषध एकाच वेळी देणे. शेपूट गाळून नुसते नाव लिहिणे हा अर्धवट पत्ता लिहिण्याचा प्रकार आहे.

पाचवी जागा आठवड्याच्या गोळीची. सांधेदुखीच्या काही रोग्यांना मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते. ते चुकून रोज दिले गेल्याने माणसे दगावल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. येथे 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर न थांबता वार लिहावा, 'फक्त सोमवारी', आणि बाकीच्या सहा चौकटींवर आडवी रेघ मारून त्या बंद कराव्यात.

सहावी जागा एकाच औषधाच्या दोन नावांची. एका दवाखान्यातून कंपनीच्या नावाची गोळी येते, दुसरीकडून किंवा जनऔषधी दुकानातून तीच गोळी मूळ नावाने येते. घरचे लोक दोन्ही देतात आणि रक्तदाब निम्म्यावर येतो. तक्त्यावर मूळ नाव आणि कंसात कंपनीचे नाव, असे दोन्ही लिहिले तर हा घोळ डोळ्यांसमोर येतो.

तीन लिप्यांचे घर

आमच्या घरांत एक अडचण जास्तीची आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. गोळीच्या पाकिटावर इंग्रजी. अब्बांना वाचता येते उर्दू. मुले शिकली मराठीत किंवा हिंदीत. देखभालीला आलेली बाई देवनागरी वाचते. अशा घरात आकडे तीन प्रकारचे लिहिले जातात. मराठी चार घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो. मराठी एक हा इंग्रजी नऊचा भाऊ वाटतो. उर्दूतले शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि उर्दूतला पाच दुसऱ्याला शून्य वाटावा असा गोल. ज्याला उर्दू आकड्यांची सवय आहे, त्याला दशांशाचे टिंबही शून्य वाटू शकते.

यावर तोड व्यापाऱ्याला ठाऊक आहे. चेकवर आपण रक्कम आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहितो, आणि दोहोंत फरक पडला तर १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरातली रक्कम खरी धरली जाते. तोच शिरस्ता येथे लावावा. औषधाचे नाव पाकिटावर जसे छापले असेल तसे, इंग्रजी मोठ्या अक्षरांत उतरून घ्यावे. म्हणजे तक्ता आणि पाकीट शेजारी ठेवून अक्षराला अक्षर ताडता येते. मात्रा आकड्यात आणि अक्षरात. आणि वेळ, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे देणाऱ्याला जी भाषा वाचता येते त्या भाषेत. घरमालकाची भाषा नव्हे, देणाऱ्याची. आकडे मात्र साऱ्या कागदावर एकाच लिपीत.

तक्ता कसा असावा

परदेशांतील देखभाल केंद्रांत औषध देणारी व्यक्ती पुष्कळदा नर्स नसते, साधी मदतनीस असते. म्हणून तेथे सारा भार कागदावर ठेवलेला आहे. तोच नमुना आपल्याला पुरेसा आहे. वर रोग्याचे पूर्ण नाव, वय, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते ठळक, डॉक्टरांचे नाव. खाली एका ओळीत एकच औषध: नाव, ताकद, मात्रा, तोंडाने की डोळ्यांत की इंजेक्शनने, वेळ, कशासाठी, सुरू केल्याची तारीख. पुढे महिन्याच्या तारखांच्या चौकटी.

'कशासाठी' हा रकाना लोक गाळतात, पण तोच मोठा पहारेकरी आहे. 'साखरेसाठी' असे लिहिलेले असताना हातात झोपेची गोळी आली तर देणारा थबकतो.

'ओडी', 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस' ही संक्षिप्त रूपे डॉक्टरांना आणि दुकानदाराला ठीक. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, आणि डोळ्यांच्या चिठ्ठीत तेच 'ओडी' म्हणजे उजवा डोळा! तक्त्यावर घड्याळाची वेळ लिहावी. 'गरज पडल्यास' हे शब्द तर एकटे कधीच लिहू नयेत. कोणत्या त्रासासाठी, एका वेळी किती, दोन मात्रांत किती तासांचे अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, एवढे नसेल तर ती आज्ञा अपुरी समजावी व डॉक्टरांना विचारावे.

औषध बदलले तर जुन्या ओळीवर गिरवू नये. एका रेघेने ती खोडावी, 'बंद', तारीख व सही लिहावी आणि नवी आज्ञा नव्या ओळीत घ्यावी. रोजकीर्दीत आपण हेच करतो. डॉक्टरांनी फोनवर बदल सांगितला तर ऐकणाऱ्याने तो तेथेच लिहून परत वाचून दाखवावा, आणि पुढच्या भेटीत सही घ्यावी. चिठ्ठीवरून तक्ता एकाने उतरावा, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहावा. उतरताना होणारी चूक ही डॉक्टरांच्या अक्षराची नसते, आपली असते. डॉक्टर स्वतः तक्त्यावर सही करतील तर सोन्याहून पिवळे.

शेवटचे: खूण गोळी गिळल्यानंतर करावी. सकाळीच दिवसभराच्या चौकटी भरून ठेवण्याची खोड पुष्कळ ठिकाणी आढळते. पैसे हातात येण्याआधी पावती फाडणारा दुकानदार कोणी पाहिला आहे काय? रोग्याने गोळी नाकारली, उलटी झाली, तर तेही लिहावे. रिकामी चौकट हा गुन्हा नव्हे. खोटी भरलेली चौकट गुन्ह्यापेक्षा वाईट, कारण डॉक्टर तिच्यावर विसंबून पुढची मात्रा वाढवितात.

रमजानचा महिना

वयस्क मंडळी रोजे सोडावयास सहसा तयार होत नाहीत. मग दुपारची गोळी इफ्तारला, सकाळची सहेरीला, असा बदल घरातल्या घरात होतो. काही गोळ्यांचे असे चालते. साखरेच्या गोळ्या व इन्सुलिन यांचे चालत नाही, तेथे मात्राच बदलावी लागते. रमजान सुरू होण्याच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन, रोजा ठेवावा की नाही हे विचारून, त्या महिन्याचा वेगळा तक्ता करून घ्यावा. ईदच्या दिवशी तो काढून जुना पुन्हा लावावा, तोही डॉक्टरांना विचारून. दोन्ही तक्ते एकाच खिळ्याला लटकलेले नसावेत.

आक्षेप आणि उत्तर

काही जण म्हणतील, आता चिठ्ठी संगणकावर छापून मिळते, मोबाईलवर येते. अक्षराचा प्रश्न मिटला. अर्धा मिटला. छापील चिठ्ठीही काल बदललेले औषध सांगत नाही, आणि कोणती गोळी दिली गेली व कोणती राहिली हे तर मुळीच सांगत नाही. दुसरा आक्षेप असा की देणारी बाई दोन इयत्ता शिकलेली, तिला तक्ता काय कळणार? हा आक्षेप मला खरा वाटत नाही. न शिकलेला कारागीर नक्शी पाहून जाळी कोरतो, सुताची गणती चुकू देत नाही. कागद त्याच्यासाठी बनविला तर तो वाचतो. आपण कागद त्याच्यासाठी बनवितच नाही, ही गोष्ट वेगळी.

तिसरा आक्षेप वेळेचा. ब्युरोवाले म्हणतात, एवढी लिखापढी करील कोण? ज्या घरात आपला माणूस बारा तास बसतो, तेथे या लिखापढीला दहा मिनिटे लागतात. आणि जेव्हा रोग्याचे काही बरेवाईट होते तेव्हा सर्वांत आधी बोट त्या गरीब बाईकडेच दाखविले जाते. तिच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे हा कागद. मालक बदलतात, मुले परदेशी निघून जातात, डॉक्टरांना आठवत नाही. कागद आठवण ठेवतो.

धंद्याचा दस्तूर व्हावा

म्हणून आमची सूचना अशी की हे प्रत्येकाच्या मर्जीवर न सोडता धंद्याचा दस्तूर करावा. अटेंडंट पुरविणाऱ्यांनी लेखी तक्ता असल्याखेरीज औषध देण्याचे काम पत्करू नये. हवे तर देखभाल करावी, औषध घरच्यांनी द्यावे. औषध दुकानदारांनी अक्षर न लागल्यास अंदाज न करता डॉक्टरांना फोन करावा, आणि पाकिटावर वेळ गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहून द्यावी. गिऱ्हाईक थांबते म्हणून कुरकुर करील, पण ज्या दुकानात विचारून देतात त्या दुकानात ते पुन्हा येते. आपल्या छापखानेवाल्यांनी बिलबुके, लग्नपत्रिका छापतो तसे मराठी, हिंदी व उर्दूतले कोरे तक्ते छापून ठेवावेत. माल लहान आहे, पण मागणी घरोघर आहे.

आणि ज्यांचा यांपैकी कोणताही धंदा नाही, त्यांनी दुकान बंद केल्यावर आज एवढे करावे. आईवडिलांची सगळी औषधे एका ताटात काढावीत, सगळ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवाव्यात आणि दिवसाचा गल्ला मोजतो तसा एकेक मेळ लावावा. जी गोळी कोणत्याच चिठ्ठीत नाही आणि जी चिठ्ठीत आहे पण ताटात नाही, अशा दोन्हींची यादी करून ती उद्या डॉक्टरांपुढे ठेवावी. स्वतःच्या अकलेने एकही बंद किंवा सुरू करू नये. ज्या हाताने पै-पैचा हिशोब लागतो, त्या हाताला हे जड नाही.